दहा मिनिटांची घंटी

मी घंटी बोलतेय. दाराची नाही, शाळेची नाही, सायकलचीही नाही. सभेच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी बसलेली असते ना, पितळेची, वाटीएवढी, डोक्यावर बटण असलेली, ती. बटण दाबलं की मी 'टण्' म्हणते आणि बोलणाऱ्याने आवरतं घ्यायचं असतं. निदान तशी अपेक्षा असते. हृदयरोगतज्ज्ञांच्या विभागीय संघटनेत मी एकोणतीस वर्षं हेच काम केलं आणि माझं ऐकून खरोखर थांबलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. तेव्हा माझा सूर जरा चिडका वाटला तर समजून घ्या.

मला ओतणारा कारागीर कानाने अर्धा बहिरा होता. तो घंटी वाजवून कानाशी नेत नसे, दाताला लावत असे. दाढेत थरथर उतरली की म्हणायचा, ही बोलेल. उरलेल्या तो परत भट्टीत टाकायचा. मी पहिल्या फटक्यात बोलले, म्हणून वाचले.

मला विकत घेतलं ते थोरल्या डॉक्टरांनी. त्यांना तेव्हा कोणी थोरले म्हणत नव्हतं. शहरातले ते हृदयाचे पहिले डॉक्टर, आणि घरात बायकोच हृदयाच्या झडपेच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. तिच्या आवाजात जोर उरला नव्हता. हाक दवाखान्याच्या खोलीपर्यंत पोचेना, म्हणून तिच्या उशाशी मी. मी एकदा वाजले की हा माणूस समोरच्या पेशंटला "एक मिनिट हं" म्हणून तसाच धावायचा. कधी तिला पाणी हवं असायचं, कधी फक्त तो यायला हवा असायचा. अडीच वर्षं मी त्या घरात होते आणि एकदाही मला दोनदा वाजावं लागलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी मला दवाखान्याच्या खणात ठेवलं.

मग संघटना निघाली. आसपासच्या भागातले अकरा हृदयाचे डॉक्टर थोरल्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या लाकडी बाकांवर बसले. डॉक्टर अकरा आणि बोलायच्या वेळी अध्यक्षही अकरा. तीन तास झाले तरी घोडं संघटनेच्या नावावरच अडलेलं. शेवटी थोरले उठले, खण उघडला, मला टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "प्रत्येकाला दहा मिनिटं. आठव्या मिनिटाला एकदा वाजेल, दहाव्याला दोनदा. मलाही."

आणि त्यांनी ते पाळलं. स्वतःच्या भाषणात स्वतःच्या हाताने मला वाजवून, अर्धं वाक्य तसंच टाकून खाली बसलेला माणूस मी त्यांच्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

ती सुरुवातीची वर्षं चांगली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सगळे जमायचे. चहा व्हायचा आणि मग एकेक जण आपल्या हातून बिघडलेला पेशंट सांगायचा. निदान कुठे चुकलं, कोणतं औषध उशिरा सुचलं, कोणाच्या बायकोला काय सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. त्या तासाला मला फारसं काम नसे. चूक सांगणारा माणूस थोडक्यात बोलतो.

पुढे थोरले गेले. सदस्य अकराचे साठ झाले. दवाखान्यातली बाकं सुटली आणि मोठमोठी सभागृहं आली. वार्षिक परिषद दोन दिवसांची झाली. पुष्पगुच्छ आले, स्मृतिचिन्हं आली, स्मरणिका आली, माजी अध्यक्षांसाठी वेगळ्या खुर्च्यांची रांग आली. चुकांचा तास आधी महिन्यावरून तिमाहीवर गेला, मग परिषदेत जेवणानंतरच्या सुस्तीत ढकलला गेला आणि एका वर्षी कार्यक्रमपत्रिकेतून नाहीसा झाला. कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी मात्र राहिले, आणि काका राहिले. काका म्हणजे थोरल्यांचे कंपाउंडर. नंतर ते संघटनेचे कारकून, शिपाई, सगळंच झाले. पत्रं तेच पाठवायचे, इतिवृत्त तेच लिहायचे, आणि सभेआधी मला चिंचेच्या कोळाने घासूनपुसून लख्ख तेच करायचे. सभेत ते कधी एक शब्द बोलले नाहीत. सांगितलं तेव्हा मला वाजवायचं, खुणावलं की हात मागे घ्यायचा.

आता संघटनेच्या अध्यक्षांबद्दल. माघारी सगळे त्यांना समितीसाहेब म्हणतात, कारण कोणताही प्रश्न समोर आला की ते समिती नेमतात. माणूस वाईट मुळीच नाही. पेशंटसाठी जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा आहे, आणि बंद पडलेल्या रक्तवाहिनीत त्यांच्या हातातली तार जशी सरळ जाते तशी कोणाच्याच जात नाही, असं सगळे मानतात. पण माईक हातात आला की काय होतं कोण जाणे. मी वाजले की ते माझ्याकडे बघून हसतात, म्हणतात, "घंटीला घाई झालेली दिसते," सभागृह हसतं आणि ते पुढे बोलत राहतात. एकेकटे हे सगळे डॉक्टर माणसासाठी जिवाचं रान करणारे. साठ जण एकत्र बसले की त्यांचं काय होतं, हे मला एकोणतीस वर्षांत उमगलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या गावातून एक डॉक्टर परिषदेला यायला लागली. शहरात शिकून, हृदयाची तज्ज्ञ होऊन, ती सासरच्या गावी परत गेली होती. दहा खाटांचं इस्पितळ, नवरा शाळेत गणिताचा मास्तर, आणि केसपेपरच्या खिडकीत सासूबाई. संघटनेत तिला सगळे 'पलीकडच्या मॅडम' म्हणायचे. तिथून शहर अडीच तासांवर, पुलावर गर्दी असली तर तीन.

तिच्याकडे एक वही होती. चार वर्षांतले दोनशे बारा पेशंट, सगळे हार्ट अटॅकचे. छातीत कधी दुखायला लागलं, ईसीजीची पहिली पट्टी कुठल्या दवाखान्यात निघाली, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किती वाजता मिळालं, हे तिने एकेकाला, नाहीतर त्याच्या घरच्यांना विचारून लिहिलं होतं. पट्टी निघाल्यापासून औषध मिळेपर्यंत सरासरी चार तास. पट्टी आसपासच्या लहान दवाखान्यांत निघायची, इंजेक्शनही बहुतेक ठिकाणी असायचं. पण ते द्यायला तिथला डॉक्टर धजायचा नाही. पट्टी नक्की तीच आहे ना? दिलं आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर? त्यापेक्षा पेशंटला गाडीत घाला आणि शहराला धाडा.

तिचं म्हणणं एवढंच होतं की संघटनेने एक फोन नंबर ठेवावा. साठ सदस्य, रोज एकाची पाळी, म्हणजे दोन महिन्यांतून एक दिवस. लहान दवाखान्याने पट्टीचा फोटो पाठवायचा आणि ज्याची पाळी असेल त्याने बघून सांगायचं, दे किंवा देऊ नको.

पहिल्या वर्षी तिला शेवटच्या दिवशी, जेवणाच्या आधीची दहा मिनिटं मिळाली. तिच्या आधी एक माजी अध्यक्ष 'संघटनेची वाटचाल' या विषयावर चौतीस मिनिटं बोलले. मला पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा ते 'हो हो' म्हणाले. ती उभी राहिली तेव्हा मागे जेवणाची भांडी मांडल्याचा आवाज येत होता. चौथ्या मिनिटाला सत्राच्या अध्यक्षांनी मला दाबलं. ती थांबली. नियम पाळणारी होती ना. वाक्य संपवायची परवानगीसुद्धा तिने मागितली नाही. मला त्या दिवशी माझ्याच आवाजाची लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी तिला कळवलं की भाषणाला वेळ नाही, पोस्टर लावा. पोस्टर लागलं चहाच्या टेबलामागे, नोंदणीच्या जागेजवळ. काका तिथे बसायचे, मी त्यांच्या पुढ्यात. त्या वर्षी तिने सासूबाईंना बरोबर आणलं होतं. म्हातारीने पोस्टरशेजारी खुर्ची ओढली आणि येणाऱ्याजाणाऱ्या डॉक्टरांना अडवायला लागली. "अहो, वाचा ना. माझ्या सुनेने लिहिलंय. चहा घेता घेता वाचून होईल." डॉक्टर लोक हसून 'नंतर नंतर' म्हणत सटकायचे. ती मॅडम लाजून चूर. "आई, जाऊ द्या हो," म्हणत होती.

दोन दिवसांत ते पोस्टर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका माणसाने वाचलं. ते म्हणजे काका. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि सासूबाईंना विचारलं की हे चार तास खरंच असे जातात का. म्हातारी म्हणाली, "मी खिडकीत बसते. मला विचारा. बायका नवऱ्याला धरून आणतात आणि मला विचारतात, आजी, केसपेपर आधी काढू का? मी म्हणते, केसपेपर घाल चुलीत, आधी आत ने. तर पोचेपर्यंत निम्मा दिवस गेलेला असतो."

तिसऱ्या वर्षी ती सर्वसाधारण सभेत बोलली. सभेच्या अगदी शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात, तिथे. समितीसाहेबांनी तिचं मनापासून कौतुक केलं आणि पाच जणांची समिती नेमली. त्यात ती नव्हती. समितीची वर्षभरात एक बैठक झाली. त्या बैठकीत समितीला नाव काय द्यावं यावर चर्चा झाली. चौथ्या वर्षी समितीचा अहवाल 'तयार होत' होता. भिजत घोंगडं किती भिजावं याला काही सीमा असते. मी पितळेची आहे, पण मलाही गंज चढतोय असं वाटायला लागलं.

पाचव्या वर्षीची सर्वसाधारण सभा मी विसरणार नाही. विषय होता स्वतःच्या इमारतीचा. समितीसाहेब बोलत होते, तळमजल्यावर काय असेल, पहिल्या मजल्यावर काय असेल. ती मॅडम मागच्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसलेली. पाच वाजता सभागृह रिकामं करायचं होतं, आणि साडेचार होऊन गेलेले.

आठव्या मिनिटाला काकांनी मला एकदा वाजवलं. साहेब हसले, घंटीला घाई झाली म्हणाले. दहाव्याला दोनदा वाजवलं. साहेबांनी हातानेच बास अशी खूण केली. दर वेळी इथे काकांचा हात मागे जायचा. त्या दिवशी तो गेला नाही. त्यांनी मला पुन्हा वाजवलं. आणि पुन्हा. ते न थांबता, एका लयीत वाजवत राहिले. सभागृहातलं हसू विरलं. साहेबांचं वाक्य मध्येच तुटलं.

"काका, काय चाललंय?"

"दहा मिनिटं झाली, साहेब," काका म्हणाले. "नियम सगळ्यांना आहे. त्या बाई पाच वर्षं थांबल्यात."

एकोणतीस वर्षांत सभेत बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना. ते खाली बसले.

ती पुढे आली. तिने आकडे सांगितले नाहीत. तिने एक पट्टी पडद्यावर लावली आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. वेल्डर, वय एकेचाळीस. सकाळी नऊला कामावर असताना छातीत दुखायला लागलं. दहाला गावातल्या दवाखान्यात ही पट्टी निघाली. डॉक्टर नवखा. त्याला शंका आली, पण खात्री वाटेना. पट्टी पाकिटात घालून ते पाकीट त्याने पेशंटच्या खिशाला टाचणीने लावलं, आणि मेहुण्याच्या गाडीतून पेशंटला शहराला पाठवलं. गाडी यायलाच साडेअकरा झाले, त्यात पुलावर गर्दी होती. इस्पितळात पोचायला अडीच वाजले.

"या सभागृहात एकही जण असा नाही," ती म्हणाली, "ज्याला ही पट्टी बघून अर्ध्या मिनिटात सांगता आलं नसतं. त्याला फक्त कोणीतरी 'दे' म्हणायला हवं होतं."

समितीसाहेब पडद्याकडे टक लावून बघत होते. पट्टीच्या कोपऱ्यात त्या नवख्या डॉक्टरने वेळ लिहिली होती, तिरप्या अक्षरात. ते हळू आवाजात म्हणाले, "हा माझ्याकडे आला होता."

ते खुर्चीवरून उठले.

"तीन तास मी उभा होतो. वाहिनी उघडली, पण हृदयाचा स्नायू मेलेला होता. त्याची बायको विचारत होती, लवकर आणायला हवं होतं का? मी म्हटलं, तुम्ही आणलंत ते बरोबरच केलंत." ते पुन्हा खुर्चीत बसले. "दुसरं काय सांगणार होतो?"

सातव्या मिनिटाला तिचं बोलणं संपलं. मला वाजावं लागलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की झालं, सगळ्यांनी हात वर केले. मलाही तसंच वाटलं होतं. पण एक ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण फोनवर दिलेला सल्ला चुकला तर जबाबदारी कोणाची? दुसऱ्याने त्याला अनुमोदन दिलं. तिसऱ्याने वकिलाचा सल्ला घ्यावा असं सुचवलं. साहेबांचे डोळे अजून ओले होते. त्याच डोळ्यांनी त्यांनी सभागृहाकडे पाहिलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "मग आपण एक समिती..."

मी तेव्हा वाजू शकले असते तर माझं बटण तुटेपर्यंत वाजले असते. पण दाबणारं बोट लागतं. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते जमिनीकडे बघत होते.

चहाच्या वेळी ती एकटीच उभी होती. मग एक जण तिच्याजवळ गेला, नंतर दुसरा. तिसरी एक अगदी तरुण डॉक्टर. त्यांनी संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला, फोनच्या पाळीसाठी, आपापली नावं आणि नंबर लिहिले. नऊ नावं झाली. संघटनेचा ठराव नाही, शिक्का नाही, काही नाही. काकांनी घरी नेऊन ती यादी मोठ्या अक्षरात, रकाने आखून, नव्याने लिहिली आणि तिच्या प्रती लहान दवाखान्यांना पाठवल्या. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. बुधवारी शहरातल्या दोन्ही मोठ्या इस्पितळांत आधी ठरवलेल्या अँजिओग्राफी असतात, नऊपैकी एकालाही सवड नसते. बुधवारचा रकाना कोरा राहिला.

पुढच्याच महिन्यात कार्यकारिणीने दोन निर्णय घेतले, आणि तेही झटपट, समिती न नेमता. सभेसाठी लाल-हिरव्या दिव्यांचं घड्याळ आणायचं, आणि काकांचं वय झालं असल्याने त्यांना सन्मानाने निवृत्त करायचं. निरोपसमारंभात त्यांच्यावर बावीस मिनिटं भाषण झालं. ते घड्याळ तेव्हा आलेलं होतं. त्याचा लाल दिवा लागला होता, पण तो कोणी बघत नव्हतं. काकांनी जाताना कपाट आवरलं, मला पुसून मधल्या फळीवर ठेवलं, उरलेल्या स्मरणिका आणि बिल्ल्यांच्या शेजारी. आणि ती रकान्यांची यादी कपाटाच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवून गेले. दाराला काच आहे, म्हणून मला खोली दिसते. कार्यकारिणी इथेच भरते.

एका गुरुवारी बैठक चालू होती. यादीतल्या गुरुवारवाल्याचा फोन वाजला. तो खिडकीशी गेला, फोनवरचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारायला लागला. बीपी किती? आधी कधी पक्षाघात? ऑपरेशन, रक्तस्राव, काही? वजन किती? मग म्हणाला, "दे. आत्ता दे. मी फोन ठेवत नाही."

टेबलाभोवती बारा जण होते. एकाने कपबशी उचलली होती ती तशीच धरून ठेवली. पाऊण तासाने दुसरी पट्टी आली. गुरुवारवाला ती बघून म्हणाला, "वाहिनी उघडलीय. दुखणंही कमी आहे. आता पाठव सावकाश." मग खुर्चीवर येऊन बसला आणि त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

समितीसाहेबांनी घसा साफ केला. "चला," ते म्हणाले, "विषय क्रमांक चार." तो स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचा होता.

बैठक संपल्यावर ते मागे राहिले. कपाटासमोर आले. काचेतून मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं, दमलेले डोळे, कानाजवळ दाढीचे राहून गेलेले दोन केस. त्यांनी यादी वाचली. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "सर, फोटोसाठी थांबलेत सगळे." ते "आलो आलो" म्हणाले, टोपण लावलं आणि गेले.

या पाळीच्या फोनवर आजवर सत्तावीस पट्ट्या आल्यात. वार्षिक अहवालात 'संघटनेचा अभिनव उपक्रम' म्हणून तो छापून आलाय, साहेबांच्या फोटोसकट. जबाबदारी कोणाची, यावर समितीचं काम चालू आहे. पलीकडच्या मॅडमना सत्काराला बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. त्या दिवशी बुधवार होता. कोऱ्या रकान्याचा फोन त्यांच्याकडेच जातो. त्या ओपीडीत असल्या तर उचलतात. तातडीच्या पेशंटपाशी किंवा वॉर्डात अडकल्या असल्या तर सासूबाई उचलतात आणि म्हणतात, थांब रे बाळा, बोलावते. तेवढा वेळ पलीकडचा नवखा डॉक्टर हातात पट्टी धरून थांबतो.

मला कपाटातून काढा असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी घड्याळ आलं, ठीक आहे. पण तुमच्यात कोणी हृदयाचा डॉक्टर असेल, किंवा कोणाचा भाऊ, भाची, शेजारी असेल, तर त्याला या खोलीत पाठवा. बुधवारच्या रकान्यात नाव लिहायचं आणि खाली फोन नंबर. मघाशी मंगळवारवाली येऊन आपला बदललेला नंबर यादीत लिहून गेली, म्हणून कसं लिहायचं ते मला ठाऊक आहे.

आज मंगळवार आहे.